असणे, नसणे आणि राहणे

कुणाही शाळकरी मुलाला हॅम्लेटचे चित्र काढायला सांगा. काळे कपडे घातलेला एक तरुण, हातात कवटी, आणि तोंडातून निघणाऱ्या फुग्यात ती जगप्रसिद्ध ओळ, एवढे तो न चुकता काढील. व्यंगचित्रकारही तेच काढतात, जाहिरातवालेही तेच काढतात. गंमत अशी की मूळ नाटकात कवटी आणि ती ओळ यांची कधी गाठच पडत नाही. ओळ येते तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात, राजवाड्यात. कवटी येते पाचव्या अंकात, स्मशानात, थडगे खणणाऱ्याच्या फावड्याबरोबर. मधे दोन अंक जातात, एक खून होतो, एक मुलगी वेडी होऊन बुडून मरते, राजपुत्र समुद्रावर जाऊन परत येतो. लोकांच्या डोक्यात मात्र दोन्ही प्रवेश एकमेकांना असे चिकटले आहेत की आता ते सुटे करणे शेक्सपिअरलाही जमणार नाही.

ती ओळ येथे छापण्याची गरज आम्हांस वाटत नाही. हे वाक्य वाचेपर्यंत ती वाचकांच्या ओठांवर आलीच असेल. ज्याने नाटक वाचले नाही त्यालाही ती येते, आणि ज्याला इंग्रजी नीट येत नाही त्यालाही येते. चारशे वर्षांपूर्वीच्या एका नटाचे हे वाक्य सिनेमाच्या शीर्षकांत, साबणाच्या जाहिरातीत, वर्तमानपत्राच्या मथळ्यांत आणि चहाच्या टपरीवरच्या गप्पांत कसे जाऊन बसले, आणि तेथे बसताना त्याचे काय झाले, हे थोडे पाहावे असा आमचा विचार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तिचा सोपेपणा. ओळीचा पूर्वार्ध सहा इंग्रजी शब्दांचा, त्यांतले दोन शब्द दोनदा आलेले, आणि एकही शब्द तीन अक्षरांहून मोठा नाही. आमच्या प्राथमिक शाळेतल्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात शोभावे असे शब्द. इंग्रजी वृत्ताच्या हिशेबाने ओळीत दहा उच्चारावयव असायला हवेत; येथे अकरा आहेत, म्हणजे ओळ शेवटी किंचित लोंबकळत राहते. विचार पुरा झालेला नाही हे कानाला आधी कळते, मनाला नंतर.

दुसरी गोष्ट अशी की त्या तीस-पस्तीस ओळींच्या स्वगतात 'मी' हा शब्दच नाही. ओफिलिया समोर दिसल्यावर हॅम्लेट स्वतःविषयी बोलतो, पण त्याआधीच्या सर्व विचारात 'मी', 'मला', 'माझे' यांपैकी काहीही येत नाही. येते ते 'आपण' आणि 'आपल्याला'. बाप मेला, आईने काकाशी लग्न केले, भूत येऊन सूड माग म्हणाले, हे सारे त्याचे स्वतःचे दुःख; पण या स्वगतात तो त्यातला एकही तपशील सांगत नाही. म्हणूनच हे वाक्य उचलून कुठेही नेता येते. त्याला कुणाचे नाव चिकटलेले नाही.

मात्र ते एकांतातले आहे असे जे आपण समजतो ते खरे नाही. राजा आणि त्याचा मंत्री पोलोनियस आडोशाला लपून ऐकत आहेत, ओफिलियाला हातात पुस्तक देऊन मुद्दाम तेथे फिरत ठेवलेले आहे. माणूस मरणाविषयी बोलतो आहे आणि दोन म्हातारे त्याच्यावर पाळत ठेवून आहेत. ही गोष्ट लोकप्रिय नकलांत कधीच येत नाही. आमच्या मते प्रवेशातली सर्वांत भयंकर गोष्ट तीच आहे.

शिवाय ती ओळ पहिल्यापासून अशीच होती असेही नाही. नाटक रंगभूमीवर आले १६०० च्या सुमारास. रिचर्ड बर्बेज हा पहिला हॅम्लेट. १६०३ मध्ये त्याची पहिली छापील प्रत निघाली, आणि तिच्यात ओळीचा उत्तरार्ध निराळाच आहे. स्वगतही अलीकडच्या प्रवेशात आहे आणि पुष्कळ ठिकाणी विस्कटलेले आहे, कुणीतरी आठवून आठवून लिहून काढावे तसे. आज आपण म्हणतो तो पाठ पुढच्या एक-दोन वर्षांत निघालेल्या दुसऱ्या प्रतीतला. १६०३ ची ती प्रत इतकी दुर्मिळ झाली होती की १८२३ साली एका इंग्रज गृहस्थाच्या संग्रहात सापडेपर्यंत ती कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. म्हणजे या ओळीची पहिली मोडतोड नाटक ताजे असतानाच झाली होती. नंतरच्या नकलाकारांना उगाच दोष देऊ नये.

त्या नकलांत आम्हांस आवडणारी एक मार्क ट्वेनची. हकलबेरी फिनच्या १८८४ च्या कादंबरीत मिसिसिपी नदीवरून तराफ्यावर चाललेले दोन भामटे गावोगाव नाटकाचे खेळ लावून पैसे उकळत असतात. त्यांतला एक, स्वतःला ड्यूक म्हणवणारा, हे स्वगत आठवून म्हणू लागतो आणि त्यात मॅक्बेथमधल्या ओळी मिसळून असा काला करतो की अर्थाचा पत्ता राहत नाही. पण थाट असा की ऐकणारा पोरगा थक्क होतो. ट्वेनला माहीत होते की या ओळीला आता अर्थाची गरज उरलेली नाही. कपाळावर हात, एक सुस्कारा आणि वर पाहिलेले डोळे एवढ्यावर ती चालते. आपल्याकडच्या गॅदरिंगमध्ये ड्यूकचे पुष्कळ वंशज आम्ही पाहिले आहेत.

एर्न्स्ट लुबिचने १९४२ साली 'टु बी ऑर नॉट टु बी' नावाचा चित्रपटच काढला. पोलंडवर हिटलरचे सैन्य येण्याच्या सुमाराची वॉर्सामधली एक नाटकमंडळी. तिचा नायक जोझेफ टुरा रंगमंचावर येतो, थांबतो, ती ओळ उच्चारतो, आणि त्याच क्षणी प्रेक्षकांतला एक तरुण लष्करी अधिकारी उठून लोकांचे गुडघे ओलांडीत बाहेर चालू लागतो. ही खूण टुराच्या बायकोनेच ठरवून दिलेली असते: नवरा या स्वगतात गुंतला की पुढची काही मिनिटे रंगपटात निर्धास्त भेटता येते. बिचाऱ्या टुराला बायकोचा संशय येत नाही. आपला अभिनय फसला या काळजीने तो खचतो. जॅक बेनीचा तो पडलेला चेहरा ज्याने पाहिला आहे त्याला पुन्हा गंभीर हॅम्लेट पाहताना आधी प्रेक्षकांतल्या खुर्च्यांकडे पाहावेसे वाटते. नायिका कॅरोल लोंबार्ड हिचा चित्रपट लोकांसमोर येण्यापूर्वीच जानेवारी १९४२ मध्ये विमान अपघातात अंत झाला. शहरे बेचिराख होत असताना असा विनोद करावा काय, असे तेव्हा पुष्कळांनी विचारले. आम्हांस वाटते, पूर्ण देशच असावा की नसावा असा प्रसंग आलेल्या लोकांच्या कथेला यापेक्षा योग्य नाव मिळाले नसते. १९८३ मध्ये मेल ब्रुक्सने त्याच नावाने तो पुन्हा काढला.

आम्हां शिक्षकांना १९९३ चा 'लास्ट अॅक्शन हीरो' पाहताना मात्र थोडे वरमल्यासारखे होते. वर्गात बाई लॉरेन्स ऑलिव्हिएचा १९४८ चा हॅम्लेट मुलांना दाखवीत आहेत. ऑलिव्हिए समुद्रावरच्या कड्यावर बसून तेच स्वगत म्हणतो, तोच हा चित्रपट. वर्गातल्या एका पोराला राजपुत्राचा हा घोळ सहन होत नाही आणि त्याच्या कल्पनेत ऑलिव्हिएच्या जागी आर्नॉल्ड श्वार्झनेगर येतो. हा हॅम्लेट विचारबिचार करीत नाही. सिगार पेटवतो, प्रश्नाचे उत्तर नकारार्थी देऊन टाकतो, आणि मागे सगळा राजवाडा स्फोटात उडतो. त्या शिक्षिकेचे काम जोन प्लोराइट यांनी केले आहे, म्हणजे खुद्द ऑलिव्हिए यांच्या पत्नीने. चार वर्षांपूर्वी निवर्तलेल्या नवऱ्याच्या कामाची ही थट्टा तिने हसतमुखाने करू दिली यात आम्हांस मोठेपणा दिसतो. वर्गातल्या मुलांची खरी तक्रारही यात आहे: हा माणूस काही करीत का नाही? (पेन्सिलीच्या टू-बी या क्रमांकावरून या ओळीचा जो विनोद होतो तो आम्ही दरवर्षी निदान एकदा ऐकतो, आणि दरवर्षी हसतो. शिक्षकाला हसावेच लागते.)

येथपर्यंत झाली ज्यांची भाषा इंग्रजी त्यांची गोष्ट. ज्यांच्यावर इंग्रजी किंवा दुसरी कुठली साहेबी भाषा येऊन आदळली त्यांनी या ओळीचे जे केले ते आम्हांस अधिक जवळचे वाटते. ब्राझीलच्या ओस्वाल्द दि आंद्रादे या कवीने १९२८ च्या आपल्या जाहीरनाम्यात इंग्रजी ओळ इंग्रजीतच ठेवली, फक्त 'टु बी' काढून त्या जागी 'टुपी' घातले. टुपी हे तेथल्या मूळ रहिवाशांचे नाव. एका अक्षराच्या फरकाने प्रश्न हॅम्लेटचा राहिला नाही, ब्राझीलचा झाला: आम्ही त्या मातीतले, की युरोपची नक्कल? साहेबाचे वाक्य साहेबाच्याच तोंडावर फेकण्याची ही तऱ्हा कोणत्याही वसाहतीतल्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही.

त्याहून चमत्कारिक गोष्ट क्लिंगॉनांची. 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या या लढाऊ परग्रहवासीयांसाठी मार्क ओकरँड नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने खरीखुरी व्याकरण असलेली भाषा रचली. १९९१ साली आलेल्या त्या मालिकेतल्या सहाव्या चित्रपटाचे नाव याच स्वगतातल्या एका शब्दप्रयोगावरून घेतलेले आहे, आणि त्यात एक क्लिंगॉन शांतपणे सांगतो की शेक्सपिअर मूळ क्लिंगॉनमध्ये वाचल्याखेरीज कळायचा नाही! मग ती ओळ क्लिंगॉनमध्ये म्हणणे आलेच. पण अडचण अशी की ओकरँडने ही भाषा रचताना तिच्यात 'असणे' हे क्रियापदच ठेवले नव्हते. त्याने प्रथम 'जगणे' हा अर्थ घेऊन ओळ केली. ती म्हणायची होती क्रिस्टोफर प्लमर या कसलेल्या नटाला. त्याच्या कानाला ती पटली नाही, जोरकस वाटली नाही. शेवटी 'चालू राहणे, टिकून राहणे' या अर्थाचे क्रियापद घेतले गेले. १९९६ मध्ये संपूर्ण हॅम्लेटच क्लिंगॉनमध्ये छापून निघाला. थट्टेतून निघालेली ही गोष्ट. पण भाषांतराचा खरा पेच तिने दाखवला. 'असणे' नसलेल्या भाषेत हा प्रश्न विचारायचा कसा? या पेचाकडे आम्ही पुन्हा येणार आहोत, कारण तो आपल्या बेटावरही आहे.

आधी मराठीत काय झाले ते पाहू. हॅम्लेट मराठीत आणला तो सुधारक गोपाळ गणेश आगरकरांनी. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले, आणि त्या दिवसांत आगरकर या भाषांतरावर काम करीत होते. 'विकारविलसित' या नावाने ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. विशीतला एक तरुण, नुकताच एम. ए. झालेला, दम्याने बेजार, नोकरीवर आणि सुखावर पाणी सोडून बसलेला, कैदेत असताना हे स्वगत मराठीत उतरवतो, ही गोष्ट आम्हांस त्या पुस्तकाइतकीच मोलाची वाटते. पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी ही भूमिका अशी गाजवली की महाराष्ट्रात कित्येक वर्षे हॅम्लेट म्हणजे गणपतराव असे समीकरण होऊन बसले. १९२२ मध्ये ते वारले. सिनेमाने त्यानंतर हात घातला. सोहराब मोदींचा 'खून का खून' १९३५ चा, किशोर साहूंचा 'हॅम्लेट' १९५४ चा. मराठी रंगभूमीवर नाना जोगांचे भाषांतर आले, आणि २०१८ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी तेच पुन्हा उभे केले तेव्हा सुमीत राघवन हॅम्लेट झाले.

पण मराठी माणसाच्या तोंडी जी ओळ बसली ती यांपैकी कुणाचीही नव्हे. ती वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधली. २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदू असोसिएशनने या नाटकाचा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, आणि नटसम्राट झाले होते डॉ. श्रीराम लागू, नाक-कान-घशाची डॉक्टरकी सोडून नुकतेच पूर्ण वेळ नाटकात आलेले. नाटकाचा सांगाडा हॅम्लेटचा नाही, लिअर राजाचा आहे: म्हाताऱ्याने सगळे मुलांना वाटून टाकावे आणि मग त्याच मुलांच्या दारात उपरा व्हावे. गणपतराव बेलवलकर हे निवृत्त नट. (नटाला गणपतराव हे नाव शिरवाडकरांनी सहज दिले असेल असे आम्हांस वाटत नाही.) आयुष्यभर राजे-राजपुत्र रंगवलेल्या या माणसाच्या तोंडी हॅम्लेटचे स्वगत येणे स्वाभाविकच. पण ते आता पाठ केलेले भाषण नसते. त्याला ते खरोखरीच लागू पडलेले असते.

शिरवाडकरांनी केलेला बदल पाहण्यासारखा आहे. त्यांनी 'असणे' सोडले आणि 'जगणे' घेतले. ओकरँडला जो पर्याय प्रथम सुचला तोच, वीस वर्षे आधी. इंग्रजी स्वगतात नशिबाच्या गोफणी आणि बाण आहेत, लढाईची भाषा आहे. मराठीत त्या जागी जेवण उरकल्यावर उकिरड्यावर पडणारी खरकटी पत्रावळ आली. ज्याने लग्नाच्या पंगतीनंतर मांडवामागचा ढीग पाहिला आहे त्याला अधिक काही सांगायला नको. आणि हॅम्लेट ज्याला कुठलीच हाक मारीत नाही त्या विधात्याला बेलवलकर सरळ जाब विचारतात: ज्यांना आम्ही जन्म दिला ते आम्हांला विसरले, ज्याने आम्हांला जन्म दिला तोही विसरला, अशा अर्थाचा. येथेही 'मी' नाही, 'आम्ही' आहे. सगळ्या म्हाताऱ्यांच्या वतीने तो बोलतो. नाटक पाहून घरी गेलेल्या मुलाने आपल्या वडिलांच्या खोलीत डोकावून पाहिले असेल तर ते या 'आम्ही'मुळे.

नाटकाला १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लागूंनंतर दत्ता भट, यशवंत दत्त अशा नटांनी हे ओझे पेलले. १ जानेवारी २०१६ रोजी महेश मांजरेकर यांचा चित्रपट आला आणि नाना पाटेकर बेलवलकर झाले. चित्रपटाने ती वाक्ये अशा मुलांपर्यंत नेली ज्यांनी रंगमंच कधी पाहिला नव्हता. आपल्या बेटावरची मुलेही त्यांत आली. आज मोबाइलवर त्या स्वगताची आणि घर मागणाऱ्या त्या दुसऱ्या प्रसिद्ध ओळीची इतकी विडंबने फिरतात की मोजता येत नाहीत. भाड्याची खोली मिळत नाही म्हणून, परीक्षेचा निकाल लागला म्हणून, निवडणुकीचे तिकीट मिळाले नाही म्हणून, कुणीही उठतो आणि शाल पांघरून, आवाज खरखरीत करून तेच म्हणतो.

विनोदाला आमची ना नाही. ट्वेन आणि लुबिच यांची एवढी स्तुती करून आता नाक मुरडणे शोभणारही नाही. पण एक फरक आम्हांस दिसतो. डेन्मार्कचा राजपुत्र आपल्यापैकी कुणाच्या घरात नाही. बेलवलकर आहे. २७ फेब्रुवारीला, शिरवाडकरांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिनाचे आपले कार्यक्रम होतात, आणि त्यांत कुणी ना कुणी तरुण हे स्वगत म्हणतो. उच्चार पक्का नसतो, पण उत्साह असतो. मागच्या रांगांतली मुले पहिल्या शब्दालाच हसू लागतात, कारण त्यांना ते विडंबन म्हणूनच ठाऊक आहे. पुढच्या रांगेत, खास पाहुण्यांच्या शेजारी, पांढऱ्या केसांची मंडळी बसवलेली असते. ती हसत नाहीत. त्यांच्यातल्या पुष्कळांना आता बोललेली मराठी पूर्ण कळत नाही. घरात क्रिओल बोलता बोलता शब्द गळाले. तरी ती हसत नाहीत.

मराठीत 'नसणे' हे स्वतंत्र क्रियापद आहे, हे आम्ही वर्गात मुद्दाम सांगतो. इंग्रजीला 'असणे'च्या मागे नकार जोडावा लागतो, फ्रेंचला दोन बाजूंनी दोन जोडावे लागतात. मराठी माणूस एका शब्दात नसू शकतो. आणि मग आपली ती म्हण म्हणण्याजोगी वाक्यरचना: 'असून नसल्यासारखा'. हॅम्लेटने दोन पर्याय मांडले, असणे किंवा नसणे. आपल्या भाषेने तिसरा कधीच ओळखून ठेवला आहे. मुलाच्या घरात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बसलेला, ज्याच्यासमोर टीव्हीचा आवाज त्याला न विचारता वाढवला आणि कमी केला जातो, तो बेलवलकर असून नसल्यासारखा आहे. शिरवाडकरांनी 'जगणे' घेतले त्याने नाटक धगधगले हे खरे, पण तो तिसरा पर्याय मात्र ओळीत आला नाही. तो सगळ्या नाटकभर पसरला.

हैदरचेही एक वाक्य सांगून टाकू. विशाल भारद्वाज यांच्या २०१४ च्या चित्रपटात हॅम्लेट काश्मिरी आहे, काळ १९९५ चा, आणि श्रीनगरच्या लाल चौकात गळ्यात दोर अडकवून तो जमलेल्या गर्दीपुढे हाच प्रश्न करतो. पण 'हम' असे म्हणून, आणि 'होना' या क्रियापदाने. आपण आहोत की नाही आहोत? बाप बेपत्ता झाला, तो जिवंत आहे की मेला हे कुणी सांगत नाही, अशा घरातल्या मुलाला 'जगणे' हे क्रियापद पुरले नसते. तेथे 'असणे'च हवे होते.

आता आपल्या बेटाकडे. शेक्सपिअर येथे इंग्रजी अमलाबरोबर आला आणि केंब्रिजच्या परीक्षांबरोबर राहिला. त्याला क्रिओलमध्ये आणून आपला करण्याचे काम देव वीरासामी यांनी जन्मभर केले. १९९१ च्या 'तुफान'मध्ये त्यांनी प्रॉस्पेरो, कॉर्डेलिया, लिअर, यागो आणि आपला तो पडद्याआड लपणारा पोलोनियस यांना निरनिराळ्या नाटकांतून उचलून एकाच बेटावर आणून बसवले, जणू वेगवेगळ्या गावांहून निघालेली माणसे एकाच जहाजातून उतरली. २०२३ च्या नोव्हेंबरात ते गेले. भाषेविषयी त्यांची सगळी मते सगळ्यांना पटत नसत, आम्हांसही नाही. पण घरात बोलली जाणारी भाषा रंगमंचावर उभी राहू शकते हे त्यांनी दाखवले, आणि ते आपल्यासारख्या, घरातली जुनी भाषा रंगमंचावर तरी टिकावी म्हणून धडपडणाऱ्यांनी विसरू नये.

क्रिओलमध्ये त्या ओळीचे काय होते? येथे क्लिंगॉनांचा पेच आपल्या दारात येतो. क्रिओलला साध्या वाक्यात 'असणे' लागतच नाही. 'मो प्रोफेसर' म्हटले की मी शिक्षक आहे हे झाले. 'ली मालाद' म्हटले की तो आजारी आहे. 'एते' हा शब्द आहे, पण तो 'कोट ली एते?' अशा वाक्याच्या शेवटी येतो, प्रश्न कशाचा आहे ते आधी सांगून झाल्यावर. नुसते 'एते' उचलून त्यावर नाटक उभे करता येत नाही.

म्हणून आम्ही एकदा वरच्या वर्गाला गृहपाठ दिला: ही ओळ घरी विचारा, क्रिओलमध्ये कशी म्हणाल? फळ्यावर आम्ही चार रकाने केले होते, इंग्रजी, फ्रेंच, मराठी, क्रिओल. दुसऱ्या दिवशी बहुतेकांनी 'विव', म्हणजे जगणे, आणले. शिरवाडकरांच्या आणि ओकरँडच्या बाजूला आणखी वीस-बावीस मते पडली. दोघांनी 'एग्झिस्ते' आणले. ते स्पष्टच फ्रेंच शिकवणीचे होते. एका मुलीने मात्र 'रेस्ते' आणले, आणि त्याच्या जोडीला 'आले'. राहणे की जाणे. वर्ग हसला, कारण क्रिओलमध्ये 'कोट तो रेस्ते?' म्हणजे तू कुठे राहतोस एवढाच रोजचा प्रश्न आहे.

आम्ही तो शब्द मराठीच्या रकान्यात 'राहणे' म्हणून लिहिला. मराठीतही राहणे म्हणजे वस्ती करणे आणि राहणे म्हणजे उरणे. आणि कुणी आता 'राहिले नाहीत' असे आपण म्हणतो तेव्हा ते घर बदलल्याचे सांगत नसतो. 'गेले' याचेही तसेच. प्लमरच्या कानाला जे क्रियापद अखेर पटले, टिकून राहणे, तेही याच घरातले. हे सगळे फळ्यावर जुळून आलेले पाहून आम्ही त्या मुलीला विचारले, हे तुला सुचले कसे? ती म्हणाली, मला नाही, आजीला सुचले. आजी दोन महिने थोरल्या काकांकडे असते आणि दोन महिने आमच्याकडे. तिने लगेच सांगितले, विचार न करता.